अप्पर की लोअर?

पहाटेचे सव्वापाच. जोसेफ कॅम्पो रस्त्यावरच्या बेकरीची रांग कोपऱ्यावरून वळून बाजूच्या गल्लीत शिरली आहे आणि मी त्या वळणाच्याही पलीकडे उभी आहे. बेकरीचं दार उघडलं की तळणीचा वास इथपर्यंत येतो. पायाखाली रस्त्यावर टाकलेलं मीठ करकरतं आहे. फुटपाथच्या कडेला जुन्या बर्फाचे काळपट ढिगारे आहेत. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या आहेत, कुणी थर्मास. मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६. हॅमट्रॅमिकमध्ये आज पोंच्की डे आहे.

उद्या ॲश वेनस्डे. ख्रिस्ती मंडळींचा चाळीस दिवसांचा उपास उद्यापासून लागणार. तो लागायच्या आत घरातलं लोणी, अंडी, साखर संपवायची, म्हणून पोलंडमधल्या बायका हे जाड, मऊ, आत सारण भरलेले गोळे तळायच्या. आमच्याकडे चातुर्मासाआधी आखाड तळतात, त्याच्याच जातीचा हा प्रकार. मला तो समजावून घ्यायला फार वेळ लागला नाही. यंदा आणखी एक योग आहे. रमजानचा चंद्रही आज-उद्यातच दिसायचा आहे. म्हणजे या गावात दोन धर्मांचे उपास जवळजवळ हातात हात घालूनच सुरू होणार.

माझ्या पुढे एक पोलिश आजी आहे. सत्तरीच्या पुढची, डोक्याला लाल लोकरी टोपी. आता राहते स्टर्लिंग हाइट्सला, पण दरवर्षी या दिवशी इथं येतेच, म्हणते. वडील डॉज मेन या मोटारीच्या कारखान्यात होते. तिचा जन्म इथलाच. कुठं राहतेस, म्हणून ती मला विचारते. मी गल्लीचं नाव सांगते. ती मान हलवते, गल्ली तिला पाठ आहे. मग तिचा दुसरा प्रश्न येतो.

“अप्पर की लोअर?”

हा हॅमट्रॅमिकचा प्रश्न आहे. घर किती स्क्वेअर फूट, बेडरूम किती, पार्किंग आहे का, हे सगळं नंतर. आधी, वरच्या मजल्यावर की खालच्या? मी सांगते, अप्पर. आजीचा चेहरा खुलतो. “मग हिवाळ्यात तुझं बरं आहे. खालच्यांची ऊब तुला फुकट.”

खरंच आहे ते. माझं गॅसचं बिल खालच्या घरापेक्षा कायम कमी येतं.

बेकरीत शिरायला सात वाजतात. काउंटरवरच्या बाईला मी विचारते, चरबीत तळलेले की तेलात? माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणते, “तेलात, सगळे तेलात.” दिवसभरात तिला हे किती जण विचारत असतील! मी तीन डझन घेते. आलुबुखाराच्या सारणाचे, रास्पबेरीचे आणि कस्टर्डचे. एक डझन खाली राहणाऱ्या माझ्या घरमालकीण चाचींसाठी, एक सेकंड शिफ्टच्या लोकांसाठी, एक माझ्यासाठी आणि गल्लीतल्या पोरांसाठी.

घरी पायीच जाते. हे गाव पायी चालण्याच्याच मापाचं आहे. जेमतेम दोन चौरस मैल. पश्चिमेला हायलंड पार्कची थोडी हद्द लागते, बाकी सगळ्या बाजूंनी डेट्रॉइट. डेट्रॉइटच्या पोटात असूनही ते डेट्रॉइट नाही. त्याची नगरपालिका वेगळी, पोलीस वेगळे, शाळा वेगळ्या. २०२० च्या जनगणनेत इथं २८,४३३ माणसं मोजली गेली आणि मिशिगन राज्यात इतकी दाट वस्ती दुसऱ्या कुठल्याच शहरात नाही. चालताना पाट्या वाचत जावं. पोलिश सॉसेजचं दुकान, येमेनी कॉफीचं दुकान, पोप जॉन पॉल दुसरे यांचा पुतळा (ते स्वतः १९८७ मध्ये इथं येऊन गेले), मग पूर्वेकडं कोनंट रस्ता लागला की बंगाली अक्षरं सुरू. त्या रस्त्याला २००८ पासून ‘बांगलादेश ॲव्हेन्यू’ असं मानाचं नाव आहे. तिथं मला कढीपत्ता मिळतो, ताजी मेथी मिळते, आणि उन्हाळ्यात अळूची पानंही.

आमची गल्ली. दोन्ही बाजूंना एकाला एक चिकटल्यासारखी लाकडी घरं, मधे जेमतेम माणूस जाईल एवढी फट. प्लॉट तीस फूट रुंद. प्रत्येक घराला समोर पडवी, आणि त्या पडवीच्या डोक्यावर दुसरी पडवी. खालचं दार खालच्या बिऱ्हाडाचं, शेजारचं दार जिन्याचं, जिना थेट वरच्या बिऱ्हाडात. बिऱ्हाड हाच शब्द मला इथं बरोबर वाटतो. फ्लॅट म्हटलं की लिफ्ट आणि सोसायटी आठवते. ही घरं वेगळी आहेत. एका छपराखाली दोन चुली.

ही घरं अशी का बांधली, ते आकड्यांतच आहे. १९१० मध्ये या खेड्यात ३,५५९ माणसं राहत होती. त्याच वर्षी जॉन आणि होरेस डॉज या भावांनी गावाच्या दक्षिण टोकाला कारखाना बांधायला घेतला. आधी ते फोर्डसाठी सुटे भाग करायचे, १९१४ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार काढली. १९२० च्या जनगणनेत गावाची वस्ती ४८,६१५. दहा वर्षांत तेरापट! पोलंडहून आलेली ही माणसं राहणार कुठं? कारखान्यातल्या मजुरानं हप्त्यावर प्लॉट घेतला, त्यावर दोन मजले चढवले, खाली स्वतः राहिला, वरचा मजला भाड्यानं दिला आणि त्या भाड्यातून हप्ता फेडला. गल्ल्याच्या गल्ल्या अशा उभ्या राहिल्या.

१९१० हा आकडा मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनपाशी, निवडुंग काढून किर्लोस्करवाडी वसवली. माझे आजोबा तिथं फाउंड्रीत होते. आमचं सगळं घर भोंग्यावर चालायचं. जेवण भोंग्याला, अंघोळ भोंग्याला. एकाच वर्षी पृथ्वीच्या दोन टोकांना दोन कारखाने उभे राहिले, एकाच्या वसाहतीत माझे वडील वाढले आणि दुसऱ्याच्या गावात मी भाड्यानं राहते. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

फरक एकच. आजोबांना क्वार्टर होतं, छान होतं, पुढं पेरूचं झाड होतं. निवृत्तीनंतर ते सोडून त्यांनी पलूसला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आजी म्हणायची, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. तिच्या तोंडी भाड्याचं घर म्हणजे कमीपणाच असायचा.

बाजूच्या दारातून मी आत शिरते. दाराशेजारी भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक लोखंडी झडप आहे. कागदाच्या पानाएवढी, बिडाची, बिजागऱ्या गंजलेल्या, कडेला ओतकामाची नक्षी. पूर्वी या झडपेतून कोळसा थेट तळघरात ओतायचे. आता तिच्यातून कपडे वाळवायच्या मशीनची नळी बाहेर काढली आहे आणि थंडीत तिच्यातून पांढरी वाफ येते, साबणाच्या वासाची. मी दर वेळी त्या झडपेला हात लावते. फाउंड्रीवाल्याची नात आहे, बिडाचं काम दिसलं की हात जातोच. ओतीव इतकं स्वच्छ आहे की शंभर वर्षांनीही नक्षीची कड बोटाला लागते.

तळघरात चाची भेटतात. या जुन्या घरांच्या तळघरात बहुधा दुसरं स्वयंपाकघर असतं. पोलिश बायका उन्हाळ्यात वरचं घर तापू नये म्हणून खाली रांधायच्या. आता तिथं चाची मासे तळतात, म्हणजे वास वर येत नाही. कोपऱ्यात तांदळाची पोती, फळीवर सुकी मासळी, घर तापवायच्या दोन भट्ट्या, दोन पाण्याच्या टाक्या, दोन मीटर. एक त्यांचं, एक माझं. मी खोका त्यांच्या हातात देते. “तेलातले?” त्या विचारतात. “विचारून घेतले,” मी सांगते. त्या दोन काढून ताटलीत ठेवतात, बाकीचे रात्रीसाठी झाकतात.

चाचा-चाची मूळचे सिल्हेटचे. चाचा आधी न्यूयॉर्कला होते, क्वीन्समध्ये. नव्वदीच्या दशकात तिथल्या कितीतरी बांगलादेशी कुटुंबांनी मिशिगनची वाट धरली, कारण इथं मोटारीच्या सुट्या भागांचे कारखाने होते आणि घरं स्वस्त होती. चाचा आले ते याच घराच्या वरच्या मजल्यावर, भाडेकरू म्हणून. खाली एक पोलिश विधवा राहायची. आठ वर्षं चाचांनी तिचा बर्फ काढला, तिनं त्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवलं. ती मुलाकडं राहायला गेली तेव्हा घर तिनं त्यांनाच विकलं. चाचा खाली आले, वरचा मजला भाड्यानं दिला. या गावात प्रगती म्हणजे जिना उतरणं. अप्परमधून लोअरमध्ये आलात की तुम्ही इथले झालात.

मला हे घर मिळालं ते कोनंटवरच्या वाणसामानाच्या दुकानातल्या कागदावरून. खाली फोन नंबराच्या पट्ट्या कापलेल्या, त्यातली एक मी फाडली. त्याआधी मी इथून पंचवीस मैलांवरच्या एका मोठ्या उपनगरात, एका कंपनीच्या संकुलात राहत होते. पोहण्याचा तलाव होता, व्यायामशाळा होती. सोडताना त्यांनी माझी अनामत गालिच्यावरच्या डागांपायी कापून घेतली. डाग मी आले तेव्हापासून होते. पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. फोन केला की दर वेळी वेगळा आवाज. भांडायचं कुणाशी?

इथं पहिल्या दिवशी चाचा दोन कागद आणि एक टॉर्च घेऊन वर आले. मिशिगनचा कायदा असा आहे की अनामत दीड महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि घर ताब्यात देताना मालकानं भाडेकरूला घराच्या स्थितीची यादी द्यायची, दोन प्रती. भाडेकरूनं त्यात जे मोडकं, फाटकं, डागाळलेलं असेल ते लिहून सात दिवसांत एक प्रत परत द्यायची. मला हे माहीत नव्हतं. आधीच्या संकुलातल्या कागदांच्या गठ्ठ्यात ती यादी असेलही, पण ती वाचून भर असं मला कुणी सांगितलं नव्हतं. चाचा टॉर्च मारत खोल्याखोल्यांतून फिरत होते. “लिही, मा. ही खिडकी पुरती बसत नाही. लिही. इथं नळ ठिबकतो. इथं फरशीला तडा आहे, लिही.” मुलीला हाक मारताना ते ‘मा’ म्हणतात, बंगाली माणसं म्हणतात तशी. मी लिहीत गेले. बावीस ओळी झाल्या. घरमालक स्वतःच्या घराची खोट स्वतः दाखवतो आहे आणि भाडेकरीण ती टिपून घेते आहे, असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी शिसं असलेल्या रंगाबद्दलचं माहितीपत्रक पुढं केलं. १९७८ च्या आधीच्या घरात जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ते देणं बंधनकारक आहे. तेही त्यांनी वाचून दाखवलं. खिडकीची चौकट खरवडू नकोस, ओल्या फडक्यानं पूस.

ती यादी माझ्या फ्रिजवर चिकटवलेली आहे. बावीसपैकी सतरा ओळींवर आता काट मारली आहे.

साडेदहाला चाचा वरच्या जिन्यावरून हाक मारतात. आज त्यांना सुट्टी आहे. “चल, मा. एक घर बघायचं आहे.”

त्यांच्या गाडीतून आम्ही दक्षिणेला जातो. वाटेत काही घरं वेगळी दिसतात. नवी, एकमेकांसारखी, जरा मागं सरकलेली. त्यांची गोष्ट या गावाला भूषण नाही, पण इथं राहायचं तर ती माहीत हवी. पन्नास-साठच्या दशकांत ‘शहर नूतनीकरण’ म्हणून इथं पाडापाडी झाली आणि त्यात मुख्यतः काळ्या कुटुंबांची घरं पाडली गेली. त्यांतले कितीतरी भाडेकरू होते. १९६८ मध्ये लोक न्यायालयात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती डेमन कीथ यांनी निकाल दिला की हे जाणूनबुजून केलं गेलं. हुसकावलेल्यांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी गावानं दोनशे घरं बांधायची ठरली. त्यातलं शेवटचं घर २०१० मध्ये पुरं झालं. निकालानंतर एकोणचाळीस वर्षांनी. वाट पाहता पाहता किती जण गेले असतील! आज हे गाव बाहेरून आलेल्यांना जागा देतं म्हणून त्याचं कौतुक होतं. मीही करते. पण आपल्याच माणसांना ते इतकी वर्षं जागा देऊ शकलं नाही, हे त्या कौतुकासोबत सांगायलाच हवं.

पुढं रस्ता संपतो आणि कुंपण लागतं. कुंपणापलीकडे जनरल मोटर्सचा कारखाना. याच जागी डॉज मेन होतं. १९३७ च्या मार्चमध्ये इथले कामगार यंत्रांपाशी बसून राहिले होते, युनियन मान्य करा म्हणून. जानेवारी १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि कारखाना बंद झाला. पुढच्या वर्षी ती जमीन आणि तिला लागून असलेली डेट्रॉइटची पोलटाउन वस्ती नव्या कारखान्यासाठी मोकळी केली गेली. चार हजारांहून जास्त माणसं उठवली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २००४ मध्ये, दुसऱ्या एका खटल्यात, तो आपला निकाल चुकला होता असं स्वतःच म्हटलं. तोवर वस्ती जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती. १९८५ पासून इथं गाड्या बनतात, आता विजेवरच्या. कारखान्याच्या आवारात एक जुनं ज्यू कब्रस्तान आहे. ते तेवढं हलवलं नाही. वर्षातून दोनदा फाटक उघडतात आणि नातेवाइकांना आत सोडतात.

चाचा गाडी हळू करतात. “एवढा मोठा कारखाना गेला,” ते म्हणतात, “आणि घरं राहिली.”

आम्ही बघायला आलेलं घर तसंच आहे, दोन पडव्यांचं. विकायला काढलंय. मालक वारले, मुलं टेक्सासला. चाचा घर बघतात ते डॉक्टर रोगी बघतो तसं. आधी पाया. तळघरात उतरून भिंतीला तळहात लावतात, ओल कुठवर चढली आहे ते बघतात. भट्टीवरचं लेबल वाचतात. नळ सोडून पाणी वाहू देतात, रस्त्याकडून येणारी नळी टॉर्चनं बघतात. करडी, मऊ, नाण्यानं ओरखडलं की चकाकणारी. शिसं. आमच्या घरची गेल्या उन्हाळ्यात बदलली, आता तिथं तांब्याची लखलखीत नळी आहे. फ्लिंट शहराच्या पाण्यात शिसं उतरल्याच्या प्रकरणानंतर मिशिगननं २०१८ मध्ये नियम केला की राज्यातल्या शिशाच्या सगळ्या नळ्या टप्प्याटप्प्यानं बदलायच्या, आणि खर्च घरमालकावर टाकायचा नाही. “ही पण बदलतील,” चाचा म्हणतात. “तोवर फिल्टर.”

बाजूच्या भिंतीत कोळशाची झडप आहे. हिच्यावर रंगाचे इतके थर बसले आहेत की ती उघडत नाही.

“तू लोअर घे,” चाचा सांगतात. “म्हणजे घर घे, लोअरमध्ये राहा. अप्परला भाडेकरू मी शोधून देतो. अर्धा हप्ता तोच भरेल.”

मी पडवीत उभी राहते. माझा व्हिसा तीन वर्षांचा. ग्रीन कार्डची रांग, भारतात जन्मलेल्यांसाठी, कित्येक वर्षांची. नोकरी गेली तर साठ दिवसांत काहीतरी करायचं किंवा देश सोडायचा. हे चाचांना ठाऊक आहे. ते घाई करत नाहीत. ते खिडकीची चौकट दाबून बघत राहतात.

संक्रांतीच्या कार्यक्रमात नोवीकडच्या एका ताईंनी मला विचारलं होतं, “अगं, तिथं का राहतेस? आमच्याकडं ये, सगळी आपली माणसं आहेत, शाळा चांगल्या आहेत.” त्यांचं चुकलं नव्हतं. मुलं असती तर मीही शाळेचा विचार आधी केला असता. इथली घरं जुनी आहेत, खिडक्यांतून वारा शिरतो, रात्री उशिरा आलं की गाडी दोन गल्ल्या सोडून लावावी लागते, नगरपालिकेच्या तिजोरीत कायम खडखडाट. हे सगळं खरं आहे. पण मी दोन्हीकडं राहून पाहिलं आहे आणि माझं मत ठाम आहे. जिथं घरमालक माझ्या पायाखाली राहतो तिथं छप्पर गळत नाही, कारण माझ्याकडं गळलं की त्याच्याकडंही गळतं. हिवाळ्यात भट्टी बंद पडली तेव्हा मी फोन केला नाही. नुसता पाय आपटला. पाच मिनिटांत चाचा स्वेटर घालत तळघरात उतरले होते.

दीड वाजता आम्ही परततो. गाडीतून उतरताना दुपारची अजान ऐकू येते. २००४ मध्ये यावरून गावात मोठा वाद झाला. नगरपालिकेनं आवाजाच्या नियमात दुरुस्ती केली, विरोधकांनी मतदान मागितलं, गावानं मतदान करून दुरुस्ती राखली. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात अजान देता येते. माझ्या खिडकीतून ती ऐकू येते आणि रविवारी सेंट फ्लोरियनची घंटाही. ते चर्च १९२८ मध्ये पुरं झालं. मजुरांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं, गावाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसणारं. भोंग्यावर वाढलेल्या माणसाला हे आवाज परके वाटत नाहीत. वेळ सांगणारा आवाज गावात असावा, असं मला वाटतं.

मागच्या अंगणात चाचींचा मांडव उभा आहे. आता नुसते बांबू आणि नायलॉनची जाळी, त्यात अडकलेल्या मागच्या वर्षीच्या सुकलेल्या वेली. ऑगस्टमध्ये इथं यावं. या वस्तीत घरोघरी असे मांडव असतात, त्यांवरून दुधी लोंबत असतात, पावट्याच्या शेंगांचे घोस, खाली अळूची हत्तीच्या कानाएवढी पानं. मोटारींच्या या गावात, गॅरेजच्या छपरावर चढलेला दुधी! चाची मला अळू देतात, मी त्यांना अळूवडी देते. पहिल्या वेळी त्यांनी ती उलटून पालटून बघितली होती, पान असं गुंडाळतात हेच त्यांना नवं. आता त्या स्वतः पानं निवडून, शिरा काढून वर पाठवतात. पुढच्या महिन्यात त्यांच्या बियांच्या कुंड्या माझ्या पडवीतल्या खिडकीत येतील. वर ऊन जास्त येतं.

अडीचला मी डबा भरते, पोंच्कीचा दुसरा खोका उचलते आणि वॉरनला जाते. आमचं डाय-शॉप तिथं आहे. तीन ते साडेअकरा, पत्र्यांची मापं घ्यायची, गेज लावायचं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून वाद घालायचा. आजोबांनी हयातभर हेच केलं, फक्त त्यांच्या हातात नांगर आणि पंप होते. साडेसातच्या सुट्टीत खोका उघडते. कस्टर्डचे आधी संपतात.

रात्री बारा वाजता गल्लीत शिरते. गाडी दोन गल्ल्या सोडून लावली आहे. आमच्या घराच्या खालच्या सगळ्या खोल्यांत दिवे आहेत. मशिदीतून फोन आला असावा. उद्या पहिला रोजा. चाचा दार उघडून बाहेर मीठ टाकत आहेत, म्हणजे पहाटे नमाजाला जाताना कुणी घसरायला नको.

“विचार केलास?” ते विचारतात.

“करते आहे.”

“कर. घाई नाही. पण रविवारपर्यंत सांग, दुसरा एक जण बघून गेलाय.”

मी वर येते. बूट काढते. खाली चाचींचं सहरीचं चाललं आहे. पळी, झाकण, नळ, पुन्हा पळी. माझ्या स्वयंपाकघराची फरशी मोज्यांतूनही कोमट लागते. फ्रिजवरची यादी मी एकदा बघते, मग टेबलावर बसून वहीत त्या दुसऱ्या घराची यादी करायला घेते. ओल, पूर्वेच्या भिंतीला, गुडघ्याएवढी. भट्टी, जुनी. नळी, शिशाची. झडप, रंगानं बसलेली, खरवडायची नाही. खिडक्या, अकरा, त्यातल्या चार बसत नाहीत.

घर घेईन की नाही, ते अजून ठरलेलं नाही. या घराचं मार्चचं भाडं, एक हजार पन्नास डॉलर, रविवारी द्यायचं आहे.